उंबऱ्याचं लाकूड

लातूरला आमच्या क्लासचे बाक एका मिस्त्रींनी केले, भूकंपात पडलेल्या घरांच्या सागवानी तुळया फाडून. माणूस कुरकुऱ्या. पोरं बाकावर नावं कोरायची आणि ते माझ्यावर डाफरायचे. तुळईतला जुना खिळा मात्र पायातला काटा काढावा तसा हळूच काढायचे. त्या लाकडांच्या ढिगात एका घराचा उंबराही होता, चांगला रुंद, पाय लागून लागून मधोमध झिजलेला. तो त्यांनी बाजूला भिंतीशी उभा करून ठेवला होता. शेवटच्या बाकाला फळी कमी पडली, तेव्हा मी म्हणालो, "मिस्त्री, हा उंबरा घ्या की."

त्यांनी हातातली करवत खाली ठेवली.

"उंबऱ्यात बसू न्हाई, सर. आतल्या मान्साला बाहेर निघायचं असतंय."