मागावरून उतरलेली मुलगी

"हिला आधी उठव," मराठीच्या मॅडम म्हणाल्या आणि माझ्या कथेचं शेवटचं पान अख्ख्या अकरावीसमोर दोन बोटांत धरून हलवलं. "मोठा माणूस दारात आल्यावर मुलगी बसून राहते? तुमच्या घरी असंच शिकवतात का?"

वर्ग हसला. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

आमच्या घरी काय शिकवतात ते सांगते. बाबा विणकर. माग खड्ड्याचा, म्हणजे विणणारा जमिनीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडतो. इतवारी बाजारातला सेठ सूत देतो, साड्या घेऊन जातो. तो दारात आला की बाबा हातातला धोटा ठेवतात, दोन्ही तळव्यांवर भार देत कण्हत वर येतात आणि हात जोडतात. आजोबाही तेच करायचे. बसलेल्या विणकराशी सेठ बोलत नाही. त्याचा अपमान होतो म्हणे. पोटाचा घेर सोडला तर त्या माणसात मोठं असं काही मला तरी कधी दिसलं नाही.

माझ्या कथेतली मुलगी विणत असते. सेठ येतो. ती उठत नाही. एवढीच कथा. मॅडम काढत असलेल्या कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी लिहिलेली. हाच सेठ कॉलेजच्या संस्थेवर होता आणि अंकाचं प्रकाशन त्याच्याच हस्ते व्हायचं होतं. मॅडमना संस्कारांची एवढी काळजी का लागली, हे कळायला फार अक्कल लागत नाही.

अंक छापून आला. खाली माझं नाव, पण शेवट मॅडमचा. 'सेठजींना पाहताच ती लगबगीने मागावरून खाली उतरली आणि त्यांच्या पायांवर तिने डोकं ठेवलं.'

बाबांना वाचून दाखवलं. "खाली उतरली?" ते म्हणाले. "खाली कुठी उतरते वं? खड्ड्यातून वर यावं लागते ना!" आणि हसत सुटले.

मला हसू आलं नाही. आम्हाला उठायला सांगणाऱ्या बाईला आम्ही उठतो कसे, तेही माहीत नव्हतं. विचारावंसंही वाटलं नाही. इतके महिने मी या बाईला घाबरत होते!

प्रकाशनाच्या दिवशी कथा वाचायची म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. सेठ आला. सगळं सभागृह उठलं, प्राचार्य तर धावलेच. मी बसून राहिले. मॅडम कानाशी वाकल्या. "ऊठ गं. ऊठ म्हणते ना!"

"माझी मुलगी उठली नव्हती, मॅडम. तुम्ही उठवली."

माझं वाचन रद्द झालं. तिसऱ्या दिवशी सेठ आमच्या दारात. बाबा दुकानात गेले होते, मागावर मी होते.

"बाप कुठी गेला तुहा? ऊठ. का सूत बंद करू?"

तेवढ्यात बाबा आले. पिशवी खाली ठेवून त्यांनी हात जोडले. "ऊठ वं पोरी," ते म्हणाले. "पोट आहे आपलं याच्यावर. काहून अशी करून राहिली?"

सेठचा मला राग आला नाही, त्याची तेवढी लायकी नव्हती. राग बाबांचा आला. रडूही आलं. पण उठले नाही.

सूत बंद झालं. बाबा आता मौद्याला कंत्राटी कामावर जातात आणि माझ्याशी कामापुरतं बोलतात. पोरीने घर बुडवलं, असं गल्ली म्हणते. म्हणू दे.

माग विकला, पण खड्डा मी बुजवू दिला नाही. त्यात पाय सोडून बसते आणि लिहिते. पुढच्या कथेतली मुलगीही उठणार नाही. तिच्याशी ज्याला बोलायचं असेल, त्याने वाकावं.