तोराब मिस्त्रींनी सरळ केलेला रस्ता

बांगलादेशात बागेरहाटच्या पश्चिमेला कुमोरडांगा गाव आहे. तिथले तोराब अली शेख हे गवंडी. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट सिद्ध करायची होती. आपल्या सुपारीच्या बागेखालून खांजालीचा रस्ता जातो, आणि तो कागदावर लागला पाहिजे.

खांजाली म्हणजे खान जहान. साडेपाचशे वर्षांपूर्वी फौज घेऊन या दलदलीत उतरलेला सेनापती. पुढे लोकांनी त्याला पीर केला. तोराब मिस्त्री मात्र त्याच्याबद्दल असे बोलत, की जणू मागच्या हंगामात ते त्याच्याकडे रोजावर होते.

"तलवार काय, कुणीही चालवतं," ते म्हणत. "इथं खारं पाणी, चिखल आणि वाघ. लढायचं कुणाशी? म्हणून खानाने शिपायांच्या हातात कुदळी दिल्या. मुक्काम पडला की आधी तळं. मग मशीद. मग पुढच्या मुक्कामापर्यंत पक्का रस्ता. तेव्हा कुठे भात."

"आणि तो भात कोण शिजवत होतं, ते काही कुणी लिहून ठेवलं नाही," त्यांची बायको नूरजान चुलीपासून म्हणे.

या मुलखात दगड नाही. कुत्र्याला हाकलायला खडा शोधावा, तर ढेकूळ हाती येतं. काँक्रीटला खडी हवी असेल तर भाजलेली वीट फोडायची. अठ्ठ्याऐंशीच्या वादळात गावच्या शाळेचं छप्पर उडालं. नवा स्लॅब टाकायचा ठरला. सिमेंट आलं, सळ्या आल्या, विटा आल्याच नाहीत. तेव्हा तिशीतले तोराब मिस्त्री सगळ्यांच्या पुढे होऊन म्हणाले, "विटा मी दाखवतो."

गावामागे एक लांबट उंचवटा होता. लोक त्याला जांगाल म्हणत. त्यावर गुरं चरत. आत पातळ, रुंद विटा आहेत, हे लहानपणी बापाबरोबर काम करताना त्यांच्या हाताला कळलं होतं. पहार घालायची की वीट वर. एका हिवाळ्यात अर्धा मैल जांगाल निघाला. बायकांनी उन्हाला छत्र्या रोवून त्या विटांची खडी फोडली. स्लॅब पडला. तोराब मिस्त्रींच्या गळ्यात झेंडूची माळ पडली. त्याच वेळी त्यांनी स्वतःच्या तळ्याच्या घाटालाही शे-दोनशे विटा लावून घेतल्या.

चार वर्षांनी त्यांना जुन्या मशिदीच्या दुरुस्तीवर रोजाचं काम मिळालं. तिथल्या मोठ्या साहेबाने एक पातळ वीट दोन्ही हातांत धरली, तान्ह्या पोराला धरावं तशी. "ही खानाच्या काळातली," तो म्हणाला. "याच विटा उभ्या लावून त्याने रस्ते केले. आता कुठे मिळणार अशा?"

तोराब मिस्त्रींना शाळेचा स्लॅब आठवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्याच साहेबाने त्यांच्या कामाची तारीफही केली. मिस्त्रींच्या दर्जांत, दोन विटांमधल्या सांध्यांत, सुई शिरत नसे. नवी वीट जुन्या भिंतीत बसवली की कोणती कुठली, ते ओळखू येत नसे. "तुमच्या हाताला खानाच्या गवंड्यांचा हात लागलाय," साहेब म्हणाला. हे वाक्य त्यांनी जन्मभर जपलं. पुढे त्यांचं वाटोळं या वाक्यानेच केलं.

जांगालाचा शेवटचा तुकडा तेवढा शिल्लक होता. साठ-सत्तर हात. तो त्यांच्या बागेखाली होता म्हणून वाचला होता. शाळेचं पाप फिटायचं तर हा तुकडा सरकारदरबारी नोंदवायचा, असं त्यांनी मनाशी धरलं. बाजारातल्या टायपिंगवाल्याकडून अर्ज लिहून घेतले. जुन्या वास्तूंच्या ऑफिसात दिले. उत्तर यायचं, तपासणी करून कळवू. साहेब बदलायचे. नव्या साहेबाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. एक साहेब एकदा आला. भर पावसाळ्यात. बांधावर उभा राहून त्याने चिखल पाहिला, दोन शहाळी प्यायला आणि विचारलं, "कागदपत्रं आहेत का?"

"खानाने सही करून दिली नाही साहेब," तोराब मिस्त्री म्हणाले.

साहेबाला ते लागलं. अर्ज पुन्हा पाच वर्षं झोपला. मिस्त्रींचे केस पिकले. मुलगी रेणू लग्न होऊन खुलन्याला गेली. गावात चहाच्या टपरीवर पोरं विचारू लागली, "चाचा, खान आला का परत?"

मग यंदा गावात नवा रस्ता मंजूर झाला. ठेकेदार कोण, तर लोकमान, तोराब मिस्त्रींच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. आखणी नेमकी सुपारीच्या बागेतून होती.

"मामा, खालच्या विटा मला लागतील," लोकमान म्हणाला. "भरावाला खडी नाही. मोबदला मिळेलच."

"तो खानाचा रस्ता आहे."

"मग बरंच झालं की. रस्त्याखाली रस्ता. खान काय माझ्यावर रागावणार?"

"लोकमान, एकदा चूक मी केली. आता तू नको करू."

लोकमान वाईट माणूस नव्हता. त्याने महिनाभराची मुदत दिली. मिस्त्रींनी सहावा अर्ज केला आणि ऑफिसच्या पायरीवर तीन दिवस बसून राहिले. तिसऱ्या दिवशी निशात नावाची नवी तरुण अधिकारी त्यांच्याशेजारी पायरीवरच बसली आणि सगळं ऐकून घेतलं. असं कुणी याआधी केलं नव्हतं.

"चाचा, मी पुढच्या गुरुवारी येते," ती म्हणाली. "थोडी माती बाजूला करून ठेवा."

एवढंच ती म्हणाली.

घरी आल्यावर त्यांनी कुदळ घेतली. सहासष्टाव्या वर्षी एकट्याने दोन दिवसांत माती ओढली. रस्ता दिसला. पण काय अवस्थेत! मुळांनी विटा उचलल्या होत्या. काही खचल्या होत्या, काही एकमेकींवर चढल्या होत्या. एका टोकाला त्यांच्याच पहारेने पाडलेलं खिंडार होतं. ते काठावर टेकले. शब-ए-बारातच्या आधी लोक आईबापांच्या कबरी साफ करतात, चुना लावतात. पाहुणी येणार, आणि खानाचा रस्ता असा उघडाबोडका?

त्यांनी घाटाच्या पायऱ्या उचकटल्या. त्या विटाही जांगालाच्याच होत्या. त्यांनी चुना भिजवला, हाताने वीट कुटून सुरखी केली. सिमेंटला त्यांनी हात लावला नाही, तो खानाचा अपमान झाला असता. दोरी ताणली. एकेक वीट काढून, पुसून, उभी बसवली.

"अहो रेणूचे अब्बा," नूरजान म्हणाली, "बाईला रस्ता बघायचाय. त्याचं लग्न नाही लावायचं."

"तू चूल बघ, रेणूची आई."

बुधवारी संध्याकाळी शेवटची दर्ज भरली. साठ हात रस्ता, पाणसळीत, एका रेषेत. पन्नास वर्षांत त्यांच्या हातून इतकं देखणं काम झालं नव्हतं.

निशात गुरुवारी सकाळी आली. बरोबर टेप, कॅमेरा, लहानसा ब्रश. बागेत पाऊल टाकताच ती थांबली. मिस्त्रींना वाटलं, भारावली. ती गुडघ्यांवर बसली. नखाने एक दर्ज खरवडली.

"चाचा, हे कुणी बांधलं?"

"खानाने."

"हा चुना ओला आहे."

"दर्जा तेवढ्या मी भरल्या. रिकाम्या झाल्या होत्या."

"विटा हलवल्या?"

"वाकड्या होत्या. सरळ केल्या."

"किती?"

"सगळ्या," ते अभिमानाने म्हणाले. "एकही सोडली नाही."

निशात तिथेच मातीत बसली. तिने ब्रश पिशवीत परत ठेवला. तिच्या चेहऱ्याकडे पाहून तोराब मिस्त्रींच्या हातातलं शहाळं खाली आलं.

"चाचा, जी वाकडी होती ना, तीच खानाची होती," ती हळू म्हणाली. "ती कशी खचली, कुठल्या मातीत बसली, त्यावरनंच मला सांगता आलं असतं. आता मी काय लिहू? जुन्या विटांचं नवं बांधकाम. दुसरं काही लिहिताच येत नाही."

"विटा तर त्याच्याच ना?"

"विटा तुमच्या शाळेच्या छपरातही आहेत. मला रस्ता हवा होता." मग तिने विचारलं, "न हललेला एखादा तुकडा? हातभर तरी?"

"नाही."

ती गेली. शहाळं तसंच राहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

दुपारी लोकमान आला. त्याने रस्त्याकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, आणि ओठावर आलेली थट्टा गिळली. "मामा, मी थांबलो होतो. आता रविवारी माणसं आणतो."

"आण."

लोकमान गेल्यावर तोराब मिस्त्रींचा ताबा सुटला. त्यांनी थापी तळ्यात भिरकावली. त्या तारीफ करणाऱ्या साहेबाला शिव्या दिल्या. पायरीवर बसणाऱ्या पोरीला दिल्या. "तीस वर्षं!" ते ओरडले. "तीस वर्षं कुणी आलं नाही, आणि आली तेव्हा काय, तर काम चांगलं झालंय म्हणून नापास! हे हात तोडून टाकावेत!"

नूरजान भात वेळत होती. तिने पेज गाळली, भांडं उतरवलं, पदराला हात पुसले.

"माझ्या चुलीखाली विटा आहेत," ती म्हणाली.

ते वळले.

"सासूबाईंनी पुराचं पाणी चढू नये म्हणून स्वयंपाकाची खोपी उंचवट्यावर घातली. राख काढताना खालनं विटांच्या कडा लागतात. उभ्या आहेत. मी कधी हलवल्या नाहीत."

"चाळीस वर्षं तू बोलली नाहीस?"

"विचारलंत कधी? तुम्ही खानाला विचारत होता." मग ती म्हणाली, "आणि त्या साली सांगितलं असतं, तर त्याही शाळेवर चढल्या असत्या. मी भात कशावर शिजवला असता?"

शनिवारी सकाळी नूरजानने स्वतः पहार घेतली. नवऱ्याला तिने दाराबाहेर उभं केलं. सासूने घातलेली, दर सणाला तिने लिंपलेली मातीची चूल चार घावांत बसली. राख बाजूला झाली. खाली काळ्या पडलेल्या उभ्या विटांच्या ओळी होत्या. मधल्या दोन खचलेल्या. एक मुळाने चिरलेली. डावीकडची एक शेजारणीवर रेललेली. तोराब मिस्त्री आत आले, वाकले, आणि त्यांचा हात आपोआप त्या रेललेल्या विटेकडे गेला.

फाटकन हातावर उलथनं बसलं.

"हात मागे!"

"नुसती बघत होतो."

"तुमचे हात बघत नाहीत. मागे."

त्यांनी निशातला फोन लावला. ती खुलन्याला बैठकीत होती. "पुढच्या आठवड्यात येते चाचा," ती म्हणाली, "पण तोवर कृपा करून काही करू नका. अगदी काही."

रविवारी लोकमानची माणसं आली. लोकमानने खोपीत डोकावून विटा पाहिल्या आणि कपाळ पुसलं. "खोपी सोडतो. रस्ता इथनं वळवतो. पण बागेतलं मला उचलावं लागेल, मामा. ते तर तुमचंच बांधकाम आहे, बाईनेच लिहिलंय."

मग दोन दिवस बागेतून पहारींचे आवाज येत राहिले. मजूर वैतागले. एक जण खोपीशी येऊन म्हणाला, "चाचा, असला कसला चुना घातलात? सुटता सुटत नाही." दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून तोराब मिस्त्री चुलीच्या जागेसमोर बसले होते. बाहेर बायका छत्र्यांखाली विटा फोडत होत्या. तो आवाज त्यांनी अठ्ठ्याऐंशी सालीही ऐकला होता. तेव्हा तो गोड वाटला होता.

निशात पुढच्या आठवड्यात आली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात आली. पोटावर झोपून तिने विटांमधली माती डबीत घेतली, फोटो काढले, टेप लावला. लांबी पाच हात, रुंदी साडेतीन. ते तिने वहीत लिहिलं आणि वही मिस्त्रींना दाखवली. खाली त्यांचं नाव होतं, आणि त्याच्याही आधी नूरजानचं.

"एवढाच?" त्यांनी विचारलं.

"एवढाच, चाचा. पण हा खरा आहे. आता याला कुणी हात लावायचा नाही."

"आणि मी स्वयंपाक कुठे करू?" नूरजान म्हणाली.

वहीत त्याची जागा नव्हती.

आता नूरजान अंगणात भट्टीच्या तीन नव्या विटांवर भात शिजवते. पाऊस आला की भिजते आणि खानाला ऐकू जाईल असं बोलते. कुमोरडांग्याचा नवा रस्ता खोपीपाशी येऊन वळसा घेतो. सायकलवाले त्या वळणावर घंटी वाजवतात आणि तोराब मिस्त्रींच्या नावाने बोटं मोडतात. मिस्त्री रोज सकाळी खोपीत जाऊन बसतात. तळवे मांड्यांखाली.

"ती डावीकडची वीट," परवा ते म्हणाले, "अगदी करंगळीएवढी जर..."

"अहो."

"काही नाही. बसलोय."