शेजारी, व्हाया परदेश

आक्का गणितात एम.एस्सी. होती आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे. आमच्या विभागात युनिक्स प्रणालीवर चालणारं पहिलं संगणक-यंत्र आलं, चांगलं कपाटाएवढं, तेव्हा ते तिच्याच ताब्यात दिलं. यंत्राला गारवा लागायचा. बाहेर आम्ही घामाघूम आणि आत आक्का शाल पांघरून बसलेली.

यंत्राला बाहेरच्या जगाशी जोडायचं खूळ विभागप्रमुखांचं. फोन एकच, तोही त्यांच्या टेबलावरचा. आक्कानं त्या लाइनीला मोडेम लावलं आणि नंबर घालताना एक आकडा चुकवला. यंत्र इमानेइतबारे भलत्याच घरी फोन करत राहिलं. शेवटी तिनं रिसीव्हर कानाला लावला, तर पलीकडून एक आजोबा अस्सल शिव्या देत होते.

"माणूस बोलतोय," आक्का म्हणाली, "म्हणजे नंबर चुकला."

नंबर सुधारल्यावर राजधानीतलं यंत्र बोलू लागलं. ते पुढे समुद्रापलीकडच्या यंत्राशी बोलायचं. आमचं टपाल जगभर जाऊ लागलं. प्रमुख येईल त्याला सांगत, "जग आपल्या दारात आलंय!"

जग आलं, पण शेजार काही येईना. भिंतीपलीकडे संख्याशास्त्र विभाग होता. त्यांच्याकडेही असंच यंत्र, असाच फोन. पण व्हरांड्यातल्या एका कपाटावरून दोन्ही प्रमुखांत विस्तव जात नव्हता.

"सर, भिंतीला भोक पाडून एक तार टाकू. निरोप क्षणात जातील," आक्का म्हणाली.

"त्यांच्यासाठी माझ्या भिंतीला भोक? मी असेपर्यंत नाही."

त्यामुळे शेजारी धाडलेला निरोप आधी राजधानीला जाई, मग परदेशी, आणि तिथून फिरून दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे उतरे.

एका सकाळी शेजारच्या एसीचा पाइप भिंतीतच फुटला आणि पाणी आमच्या यंत्राच्या पायाशी येऊ लागलं. आक्का धावत प्रमुखांकडे गेली.

"सर, पलीकडे जाऊन एसी बंद करायला सांगा!"

"मी त्यांची पायरी चढणार नाही. लेखी कळवतो."

आणि त्यांनी खरोखरच बसून निरोप टाइप केला. निरोप समुद्र ओलांडायला निघाला. पाणी मात्र जवळच्या वाटेनं येत होतं.

आक्का बादली घेऊन तडक शेजारी गेली. तिथल्या दाढीवाल्या ऑपरेटरनं एसी बंद केला.

"तुम्हीच का आक्का? तुमचे निरोप वाचतो मी. कालचे आज."

"आजचा वाचायला थांबला असतात, तर मला पोहावं लागलं असतं."

प्लंबरनं भिंत फोडून पाइप बदलला. गवंडी यायचा होता. दोघांनी त्या भोकाकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

"तार आहे?" आक्कानं विचारलं.

"आहे."

"आणि तोंड?"

"बंद."

गवंड्यानं तारेभोवती सिमेंट भरलं. प्रमुखांचा तातडीचा निरोप दुसऱ्या दिवशी शेजारी पोचला, तेव्हा गिलावाही वाळला होता.

त्यानंतर शेजारी पाठवलेला निरोप डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचू लागला. "बघा, परदेशी लाइन किती सुधारली!" आमचे प्रमुख बैठकीत म्हणाले. पलीकडचे प्रमुखही त्यांच्या बैठकीत हेच म्हणाले, असं दाढीवाल्यानं कळवलं.

कौतुकाची हौस आक्काला भारी. घरी आदळआपट सुरू झाली.

"मग सांगून टाक ना," नवरा म्हणाला.

"सांगितलं तर तार उपटतील."

वर्षअखेरीस संस्थेनं परदेशाशी जलद संपर्क जोडल्याबद्दल दोन्ही प्रमुखांचा एकत्र सत्कार केला. दोघं एका मंचावर दोन दिशांना तोंडं करून बसले. पुष्पगुच्छ द्यायला आक्कालाच बोलावलं. तिनं ते दिले, जरा जोरातच.