गुडघा माझ्या पायानं बरा झाला नव्हता

शैला मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच दारात. उन्हाळा तोंडावर आलेला, मी वाळवणासाठी ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, थापत होते, आणि या बाई स्कूटी लावून सरळ माझ्या पुढ्यात येऊन बसल्या. म्हणाल्या, "आजी, मी शाळेतली खेळाची बाई. तुमची प्रांजल मला खो-खोला पाहिजे."

मी म्हटलं, "घरात बसते तेवढी पुरे, आता मैदानावरही बसवता का?"

"बसायला पुष्कळ आहेत. ही उठते फार झटकन. मला ते पाहिजे."

बोलता बोलता त्यांनी पाच-सहा बिबडे थापलेही. वाकडे थापले, पण थापले. माझी नात तेव्हा सातवी संपवून आठवीत जाणार होती. आज ती जळगावच्या कॉलेजात खो-खो खेळते आणि मी येईल त्याला तिचा फोटो दाखवत असते. सून म्हणते, "आई, दूधवाल्याला तिसऱ्यांदा दाखवला." दाखवणार. माझी नात आहे.

मॅडमना साठ वर्षं झाली म्हणून हे पुस्तक निघतंय, त्यात त्यांच्या चषकांचं दुसरे लिहितील. मला एवढंच माहीत आहे की पाचोऱ्याच्या आसपासच्या खेड्यांतल्या मुलींसाठी त्या घरोघर फिरल्या. एकीचे वडील दार उघडेनात, तर ओट्यावर बसून वह्या तपासल्या. संध्याकाळी त्या वडिलांनीच पाणी आणून दिलं आणि मग पोरगीही दिली. अंग मोकळं केल्याशिवाय मॅडम कोणाला पळू देत नसत. आम्ही बाया कुंपणाशी उभ्या राहून हसायचो. हसणाऱ्यांत मी पुढे.

आता माझं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी आले. अशा माणसाचा पाय लागला की कंबरेतली उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. कापूस वेचायच्या दिवसांत माझ्या ओट्यावर बायांची रांग असते. त्याचा मला फार ताठा होता. खोटं कशाला लिहू.

नववीत प्रांजल एकदम उंच झाली. वर्षात दोनदा गणवेश शिवला. आणि तिचा उजवा गुडघा दुखू लागला. वाटीच्या खाली सुपारीएवढं टेंगूळ आलं. मॅडमनी तिला खेळातून थांबवलं. मला वाटलं, दुसऱ्या कोणाच्या पोरीला पुढे करायचं असेल. म्हटलं, थांब, हे टेंगूळ मीच बसवते. रोज सकाळी कोमट तेल लावून चोळायची आणि वरून टाच दाबायची.

"दुखस का वं?"

"नही आजी, बरं वाटस."

आठ दिवस ती असंच म्हणाली. नवव्या दिवशी मी मैदानावर गेले आणि सगळ्या मुलींसमोर मॅडमना बोलले. "गुडघा मी बरा केला. आता धुळ्याच्या सामन्याला माझ्या नातीला का नेत नाही? तोंड पाहून पोरी निवडता का?"

मॅडम प्रांजलला म्हणाल्या, "खो-खोत बसतेस तशी बस." ती बसली. उठताना तिचं तोंड पांढरं पडलं. मॅडमनी तिच्या पँटचा पाय वर केला. टेंगळावर माझ्या टाचेचा काळा-निळा डाग. त्यांनी पाय लगेच खाली केला आणि बाकीच्या मुलींना म्हणाल्या, "चला गं, दोन फेऱ्या मारून या." कोणाला दिसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना त्यांनी जळगावला हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, वाढत्या वयात असं होतं. तिथलं हाड अजून कोवळं असतं, मांडीचा स्नायू ते ओढतो, उड्या आणि उठबस फार झाली की सुजतं. विश्रांतीनं उतरलं असतं. मग विचारलं, "पण याच्यावर दाब कोणी दिला?"

मी तोंड उघडेपर्यंत मॅडम म्हणाल्या, "मैदानावर झालं. माझं लक्ष राहिलं नाही."

डॉक्टर त्यांना फार बोलले. खेळ शिकवता आणि एवढंही कळत नाही का, म्हणाले. माझ्या मुलीच्या वयाची ती बाई मान खाली घालून ऐकत होती आणि मी शेजारच्या खुर्चीवर पदर धरून गप्प बसले होते. ते बसणं मला अजून सोडत नाही.

परत येताना बसमध्ये विचारलं, "असं का केलं मॅडम?"

म्हणाल्या, "गाव तुम्हाला मानतं. तुमचा मान राहावा म्हणून पोरगी आठ दिवस कळ सोसत होती. मी पाच मिनिटं बोलणी खाल्ली."

तेव्हा मला कळलं की प्रांजल खोटं बोलत होती, आणि कोणासाठी.

पुढे कित्येक महिने मॅडम येत राहिल्या. फडक्यात बर्फ बांधून गुडघ्याला कसा लावायचा, मांडीचे ताण कसे द्यायचे, किती खेळायचं, सगळं त्यांनी शिकवलं. दहावीत ती धुळ्याला खेळून आली. गाव म्हणालं, आजीच्या पायाचा गुण. मी नाही म्हटलं नाही.

त्या नावावर एक आई आपल्या शर्यतीत पळणाऱ्या मुलीला माझ्याकडे घेऊन आली. तसाच गुडघा, तसंच टेंगूळ. मी खरं सांगायचं सोडून म्हटलं, "आज माझ्या पायाला गुण नाही." त्या मायलेकी मग दुसऱ्या गावच्या पायाळूकडे गेल्या. पोरगी सारा हिवाळा लंगडली, तिच्या शर्यती गेल्या. मॅडमनीच तिला शोधून डॉक्टरांकडे नेलं. मी त्यांना म्हटलं, "मी सांगायला पाहिजे होतं."

"हो आजी," त्या म्हणाल्या, "पाहिजे होतं."

म्हणून इथे लिहिते. प्रांजलचा गुडघा माझ्या पायानं बिघडला आणि मॅडमच्या मेहनतीनं बरा झाला. पुस्तक आलं की हे पान मी ओट्यावर बायांना वाचून दाखवीन. वाढत्या पोरांचे गुडघे माझ्याकडे आणू नका.

शैला मॅडम, देव तुम्हाला शंभर वर्षं देवो, आणि ती सगळी चालत्या-फिरत्या पायांची असोत. दुसऱ्याच्या चुकीची बोलणी पुन्हा कधी तुमच्या वाट्याला येऊ नयेत. आणि माझ्या चुकीची आली, तर मी गप्प बसलेली नसावी.