गडावर पाणी हाय का

स्पेनमधल्या एका खेड्यात घर घ्यायचं आमच्या पोरीनं ठरवलं, तेव्हापासून आमचे मालक तिच्याशी फोनवर नुसतं हवापाण्याचं बोलायचे. घे म्हणेनात, नको म्हणेनात. शेवटी तिनं आम्हा दोघांना तिकडं बोलावून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी गावातला जुना किल्ला दाखवायला न्यायचं काढलं. माझ्या कानात आधीच सांगून ठेवलं, "आई, आबा हो म्हणाले तरच घर घेणार."

आता विंझरच्या माणसाला किल्ला दाखवायचा म्हणजे काय गंमत आहे? एकीकडं राजगड, दुसरीकडं तोरणा बघत म्हातारा झालेला माणूस. गड चढायचा तर ऊन व्हायच्या आत, म्हणून मालक पहाटेच तयार. मला भाकऱ्या भाजायला लावल्या, ठेचा बांधून घेतला, काठी मिळेना म्हणून पोरीची छत्री घेतली. गाडी थांबली ती थेट किल्ल्याच्या दारात. दाराला कुलूप.

"गडाला कुलूप? दुकान हाय का ते?" मालक म्हणाले. मग काय, पायरीवर बसूनच भाकरी खाल्ली.

"आबा, कसा वाटतो?"

"आमच्या म्हशी चरायला याच्यापेक्षा वर जात्यात."

पोरगी हसली, पण तोंड एवढंसं झालं. मी मालकांना कोपरानं ढोसलं. त्यांना कळलं असेल तर शपथ.

दार उघडल्यावर पोरगी तलवारी दाखवतेय, पलंग दाखवतेय, आणि हे खाली बघत पुढं पुढं.

"आबा, बुरूज तरी बघा."

"बुरुजानं तहान भागती का? पाणी कुठाय?"

आमच्याकडं गडावर गेलं की माणूस आधी पाण्याचं टाकं शोधतो. पाणी नाही तिथं कोण राहणार? अंगणाच्या कोपऱ्यात जमिनीला लोखंडी जाळी होती. मालक तिथं गुडघ्यावर बसले, आत खडा टाकला आणि कान लावला. खालून डुबुक आवाज आला. राखणदार बाई तिच्या भाषेत ओरडत आली, तिला यांनी बसल्या बसल्याच हात जोडले.

मग गुडघे झटकत उठले. पोरीकडं न बघताच म्हणाले, "पाणी हाय हितं. घे घर."

पोरगी तिथंच जाळीपाशी बसून रडायला लागली. मीही तिच्याशेजारी बसले. आता ही इथलीच झाली. मालकांनी पिशवी माझ्यापुढं धरली.

"बघत काय बसलीस? तिला आपल्या बाटलीतलं पाणी दे."