आमच्या घरातल्या बायकांचं रक्त

पीएच.डी. करत होते तेव्हा कोकणच्या किनाऱ्यावरून तपकिरी समुद्री शेवाळ पोत्यात भरून कोल्हापूरला आणायचं, वाळू जाईपर्यंत धुवायचं, विभागाच्या गच्चीवर सावलीत वाळवायचं आणि दळून त्यातली पॉलिसॅकराइड वेगळी काढायची, हे माझं काम होतं. पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबलचक माळ. शेवाळाच्या गाळलेल्या अर्कात अल्कोहोल ओतलं की आधी ढग जमतो, मग मऊ दोरे खाली बसतात. केसांना, ओढणीला तो खारट वास कायम असायचा. माझी घरमालकीण जिन्यात भेटली की नाक मुरडून विचारायची, "आज पण मासळी बाजार काय?"

कामाचा पहिला भाग अँटिऑक्सिडंट गुणांचा होता. जांभळ्या रसायनात अर्क टाकायचा आणि रंग पिवळा पडतो का बघायचं. तो पडला, चांगला पडला, आणि माझे सर खूश झाले. दुसरा भाग रक्ताचा. या माळांवर गंधकाचे काही गट लटकलेले असतात, आणि दवाखान्यात रक्त पातळ ठेवायला जे औषध देतात त्याच्यासारखंच काम त्या थोडंफार करतात, रक्ताची गुठळी लांबवतात. आमच्या शेवाळात तो गुण किती, हे मला बघायचं होतं.

त्यासाठी निरोगी माणसाचं रक्त लागायचं. रीतसर परवानगी काढलेली होती. रक्तातून प्लाझ्मा, म्हणजे त्यातला पिवळसर पातळ भाग, वेगळा करायचा, अंगाइतक्या कोमट पाण्यात नळ्या उभ्या करायच्या, रसायनं टाकायची आणि नळी उजेडासमोर हलकेच कलती करत राहायचं. पातळ द्रव एकदम थबकतो, तीच गुठळी. एका नळीत शेवाळ नसायचं, नुसतं सलाइन. ती वेळेवर गोठली तरच बाकीच्यांना अर्थ.

एरवी रक्त माझ्या सोबतचा एक संशोधक द्यायचा. त्या दिवशी त्याची दाढ दुखत होती, त्यानं दुखायची थांबवणारी गोळी घेतली होती. गोळी घेतलेल्याचं रक्त चालत नाही. मी म्हटलं, माझं घेऊ या. रक्त काढणाऱ्या ताईंनी सुई काढली, कापूस दाबून धरायला सांगितला. कापूस भिजला, दुसरा घेतला, तोही भिजला. मला त्यात काही वाटलं नाही. माझं असंच व्हायचं.

मग नळ्या लावल्या. शेवाळाच्या नळ्या उशिरा गोठल्या, तशी अपेक्षाच होती. पण सलाइनची नळी मी कलती करतेय, परत कलती करतेय, आणि आतला द्रव निवांत इकडून तिकडे वाहतोय. वेळ निघून गेली तरी वाहतोय. शेवटी ती गोठली, पण फार उशिरा.

पहिल्यांदा मला वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. मी सगळं धुऊन परत लावलं. परत तेच. मग सोबत्याचा फ्रीझरमधला जुना प्लाझ्मा काढला, त्याच रसायनात टाकला. तो वेळेवर गोठला. म्हणजे रसायनं ठीक होती, पाणी ठीक होतं, माझे हातही ठीक होते. दोष माझ्या रक्तात होता.

सर आले. नळी त्यांनी स्वतः कलती करून बघितली.

"तू कसली गोळी घेतेस का?"

"नाही सर."

"घरात कुणाचं रक्त लवकर थांबत नाही, असं काही आहे?"

"नाही," मी म्हणाले.

"तरी उद्या जाऊन तपासून घे. घाबरायचं नाही," ते म्हणाले. पण त्यांनी माझ्याकडे न बघता ते सांगितलं, आणि त्यानंच मी जास्त घाबरले.

खोलीवर चालत जाताना माझं 'नाही' किती खोटं होतं ते एकेक करून ध्यानात यायला लागलं. लहानपणी माझा घोळणा फुटला की उशी बदलावी लागायची. आक्काची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची पाळी आली की ती शाळा बुडवून घोंगड्यावर पडून राहायची. आईची गर्भपिशवी काढली तेव्हा तिला रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या होत्या. आणि आईची एक थोरली बहीण होती, जिला मी कधी पाहिलं नाही. ती बाळंतपणात गेली, एवढंच आम्हाला ठाऊक. या सगळ्यावर आमच्या घरात एकच वाक्य होतं: आपल्यातल्या बायकांचं असंच असतंय.

आक्काला नववा महिना लागत होता. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती आजऱ्याजवळच्या आमच्या गावी आईकडे आली होती. मी रस्त्याच्या कडेला थांबले. पाठीमागून एक रिक्षावाला ओरडला, "ओ ताई, बाजूला व्हा की." मला बाजूला व्हायचंही सुचेना.

मी आईला फोन लावला. तिला कसं विचारावं कळत नव्हतं, म्हणून सरळच विचारलं.

"आई, थोरल्या मावशीला काय झालेलं?"

ती म्हणाली, "आज कशाला ती आठवली तुला?"

"रक्त थांबलं नव्हतं का तिचं?"

"हे बघ, पोरीला नववा लागलाय. त्या मेलेल्या माणसाचा विषय घरात नको," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी बरंच विचारलं आणि बरंच रक्त काढून घेतलं. एक शंका मला खात होती ती मी विचारून टाकली: शेवाळाची भुकटी श्वासातून अंगात जाऊन हे झालं असेल का? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तसं वाटत नाही मला. पण रिपोर्ट येऊ देत."

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते सांगणं अवघड आहे. विळीवर बसायची भीती वाटायची. गाडी काढायची भीती वाटायची. दात घासताना थुंकीत लाल दिसलं की मी बेसिनपाशी उभी राहून पाण्याकडे बघत राहायचे. आणि माझ्यापेक्षा आक्काची भीती मोठी होती, कारण तिला अजून काहीच ठाऊक नव्हतं.

रिपोर्टमध्ये आजाराचं एक लांब परदेशी नाव होतं. डॉक्टरीणबाईंनी सोपं करून सांगितलं. रक्त थांबवायला लागणारं एक प्रथिन माझ्यात जन्मापासून कमी आहे. शेवाळाचा संबंध नाही. फार गंभीर नाही, पण ऑपरेशन, दात काढणं, बाळंतपण, अशा वेळी धोका. आईकडून मुलीकडे येऊ शकतं.

"माझी बहीण नवव्या महिन्यात आहे," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुठं आहे ती?"

मी सांगितलं.

"तिला इथं आणा. गरोदरपणात हे प्रथिन आपोआप वाढतं, त्यामुळे आत्ता तिची तपासणी बरी दिसेल. त्यावर विसंबू नका. बाळंतपणानंतर ते खाली येतं. खरी काळजी तेव्हा. कधीकधी आठवड्यानंतरसुद्धा."

मी तशीच आजऱ्याची एसटी पकडली. गाडी प्रत्येक थांब्यावर थांबत होती आणि प्रत्येक थांब्यावर मला वाटत होतं, आजच तिला कळा सुरू झाल्या असतील तर?

घरी आक्का पुढच्या सोप्यात पाय पसरून बसली होती, चांगली गुबगुबीत झालेली. मला बघून हसली. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. मी दोघींना सगळं सांगितलं, जमेल तेवढ्या शांतपणे.

आई भाकरी थापायची थांबली नाही. "त्या समुद्राच्या घाणीत हात घालून बसतीस, त्यानं झालं हे. तुझं तुला. माझ्या पोरीला काय बी झालेलं न्हाय. हितल्या डॉक्टरनं समदं चांगलं हाय म्हणून सांगितलंय."

"आई, शेवाळानं नाही. हे जन्माचं असतं. तुझ्याकडून आलंय."

"माझ्याकडनं?"

मला ते शब्द परत घ्यावेसे वाटले. आक्का दोघींकडे बघत होती. तिनं पोटावर हात ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "मी मरणार व्हय गं?"

"नाही. म्हणून तर सांगायला आले."

तव्यावरची भाकरी करपली. आईनं ती उतरवली नाही. तिनं हात पाण्यात बुचकळले, पदराला पुसले आणि चुलीकडे तोंड करूनच बोलायला लागली. थोरल्या मावशीच्या बाळंतपणाच्या वेळी ती परकर घालायच्या वयाची होती. मूल झालं, ते रडलं, सगळ्यांनी गूळ वाटला. त्यानंतर मावशीचं अंगावरून जायला लागलं ते थांबेना. गाडी मिळेपर्यंत रक्त थांबावं म्हणून बायकांनी पलंगाची पायाकडची बाजू उचलून धरली होती.

"मी वढ्यावर लुगडी धुवायला गेलती. एक धुवून हुतंय तंवर दुसरं यायचं. पाणी लाल हुयाचं. मला वाटलं, मी नीट धुवंना झालीया म्हणून ते संपंना." तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "मला तुम्ही दोघी झाला, तवा दोन्ही बारीला मी डोळं मिटून हेच बघत हुते. पिशवी काढून टाका म्हणून मीच डॉक्टरला म्हणलं. कुणी सांगितलं न्हवतं."

इतक्या वर्षांत आईनं आम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं. तिचं ते 'आपल्यातल्या बायकांचं असंच असतंय' म्हणजे बेफिकिरी असं मी धरून चालले होते. ती भीती होती, आणि तिनं ती झाकून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी, म्हणजे आक्काच्या नवऱ्यानं, कुरुंदवाडहून गाडी आणली. आई कपड्यांचं बोचकं घेऊन पुढं बसली.

आक्काची तपासणी केली, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच, आकडे काठावर का होईना, बरे आले. आई म्हणाली, "बघ, हाय का काय?" पण परत जाऊ या म्हणाली नाही. माझ्याच खोलीवर आम्ही तिघी राहिलो. मी कामाला जायचे, नळ्या कलत्या करायचे, आणि शेवाळानं गुठळी लांबली की वहीत आकडा लिहिताना हात जड व्हायचा. त्या आकड्यानं सर खूश व्हायचे.

बाळंतपण मोठ्या दवाखान्यात झालं. औषधं आधीच आणून ठेवलेली होती, रक्ताच्या आणि बाळंतपणाच्या, दोन्ही विभागांचे डॉक्टर एकमेकांशी बोललेले होते. मुलगी झाली. रक्त नेहमीइतकंच गेलं. दाजींनी पेढे वाटले. आईनं पेढा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

दवाखान्यातून सोडल्यावर आम्ही परत माझ्याच खोलीवर आलो, काही दिवस बरे गेले. मग एका दुपारी आक्का मोरीतून बाहेर आली ती भिंत धरून. तिचे ओठ पांढरे पडले होते. "जास्त जायला लागलंय," ती म्हणाली. खाली फरशीवर थेंब होते.

मी फोन शोधत होते आणि तो माझ्या हातातच होता. आई मात्र उठली, बाळाला दुपट्यात गुंडाळलं, आक्काच्या काखेत हात घातला आणि मला म्हणाली, "रिक्षा आण. डॉक्टरनं सांगितलंय नव्हं, हे असं हुईल म्हणून? चल की." तिचा आवाज कापत होता, पाय नाही.

रिक्षात आक्काचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. ती झोपायला लागली की मी तिला बोलतं करत होते. बाळाला काय नाव ठेवायचं विचारत होते, आणि तिची उत्तरं एकमेकांना जुळत नव्हती. माझ्या मनात आईच्या त्या ओढ्याचं पाणी होतं, जे मी कधी पाहिलेलं नव्हतं.

दवाखान्यात तिची फाइल होती, काय द्यायचं ते लिहिलेलं होतं. विचारपूस करण्यात वेळ गेला नाही. रक्त थांबवायचं इंजेक्शन दिलं, जे प्रथिन कमी होतं तेच बाटलीतून शिरेत सोडलं. संध्याकाळी नर्सनं बाहेर येऊन सांगितलं, "थांबलंय आता." आई बाकावर बसली होती. ती उठली नाही. तिनं नर्सला परत विचारलं, "थांबलं म्हणजे थांबलं न्हवं?"

"थांबलं आजी."

तेव्हा कुठं ती रडली.

आक्का हळूहळू सावरली. बाळाची तपासणी ते थोडं मोठं झाल्यावर करायची असं ठरलं. ती चिमुरडी गुडघ्यावर रांगत उंबऱ्याकडे निघाली की अजूनही आम्हा सगळ्यांचे जीव गोळा होतात.

आईची एक दाढ कित्येक वर्षं किडलेली होती. लवंग दाबून ती दिवस काढायची, काढायला मात्र जायची नाही. यंदा दिवाळीआधी ती आपणहून दंतवैद्याकडे गेली आणि खुर्चीत बसायच्या आधी म्हणाली, "माझं रगात लवकर थांबत न्हाय. आधी माझ्या पोरीच्या डॉक्टरीणबाईला फोन लावा." त्यांनी लावला. गोळ्या देऊन मगच दाढ काढली. घरी आल्यावर कापूस दाताखाली धरून ती दिवसभर गप्प बसली. मी समोर बसून होते. मधूनमधून ती कापूस काढून उजेडात धरायची, मला दाखवायची आणि भुवयांनीच विचारायची, बरं आहे ना?