देवाला वाहिलेली कुबडी

मंगळवार, १४ मार्च १९६७, मेहकर. ऊन कडक. तंबूतला सिनेमा पाहिला. आत्या तीनदा रडली. उद्या सकाळच्या एस.टी.ने लोणारला, बालवाडीच्या बाईच्या जागेसाठी मुलाखत. पांढरं पातळ इस्त्री करून ठेवलं.

नागपूरला नन्सच्या शाळेत शिकल्यापासून गोजराला असं रोज लिहायची सवय होती. पोलिओने वाळलेल्या डाव्या पायाची आणि बगलेतल्या कुबडीचीही तशीच सवय होती. सिनेमातल्या नायिकेला मात्र कुबडीची सवय झालेली दिसली नाही. बिचारी लंगडायची, पण गजरा हलू द्यायची नाही, आणि चांदणं पडल्याशिवाय तिला दुःख व्हायचं नाही. तिच्या भावाला क्षय. तो गालाला लाली लावून खोकला आणि अख्खं गाणं संपवून, सगळ्यांची क्षमा मागून मगच मेला. शेवटी नायिकेने कुबडी देवीपुढे फेकली आणि धावत सुटली. डॉक्टरांनी चष्मा पुसला.

गोजराला हसू आलं. सत्यभामाआत्याला मात्र युक्ती सुचली.

सकाळी गोजरा उठली, तर कोपऱ्यात कुबडी नव्हती.

"देवाले वाह्यली," आत्या खोबरं किसता किसता म्हणाली. "पहाटेच नवस फेडून आली."

"पाय बरा व्हायच्या आधीच?"

"मंग? देवाले उधारी आवडत नाही. तू फक्त मनातून ऊठ अन् धाव. त्या पोरीनं नाही का केलं?"

"तिचे दोन्ही पाय धडधाकट होते, आत्या. लंगडायचा पगार भेटे तिले."

"शिकून शिकून देव सोडला तुनं."

कुबडीशिवाय लोणार म्हणजे आधी दुसऱ्याची पाठ शोधणं आलं, आणि पाठीवर बसून आलेल्या बाईला कोणी पोरं सांभाळायला देत नाही. वडील उकंडराव बाजारासाठी वांगी भरत होते. गोजरा त्यांच्या बैलगाडीत पोत्यांवर बसली आणि देवळाशी उतरली. पायऱ्या तिने बसून, हात टेकत चढल्या. आत्याने बातमी आधीच पसरवली होती. चमत्कार पाहायला जमलेल्या बायकांनी आदराने वाट दिली. चमत्कार धापा टाकत वर आला.

कुबडीला हळदकुंकू लागलं होतं. पुजारी वामनरावांनी मान हलवली. "वाह्यलेली वस्तू परत नेता येत नाही, बाई."

"नारळाचं काय करता, काका?"

"अर्धा देवाचा, अर्धा परसाद."

"मंग करवत आणा. माहा अर्धा मले द्या. लोणारले जायचं हाय, गाडी थांबत नाही."

बायकांत खसखस पिकली. वामनरावांनी देवाकडे पाहिलं. देवाचं काही म्हणणं नव्हतं.

"ने वो माय," ते म्हणाले. "सगळाच परसाद समज."

लोणारला मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकाने डोळे ओले करून विचारलं, "हे सगळं सोसता कसं?"

"पोरांबद्दल विचारताय का?" गोजरा म्हणाली.

नेमणूक झाली. घरी आत्याने सगळं श्रेय देवाला दिलं, थोडं सिनेमालाही.

त्या रात्री गोजराने लिहिलं: जेवायला भाकरी आणि प्रसादाच्या नारळाची चटणी. मीठ जास्त पडलं.